रंग पाहून भाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन अर्जांचं दुकान आहे. पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला ही कामं वर्षभर चालतात. तुळशीचं लग्न लागलं की त्यात एक काम वाढतं, मुलामुलींचे बायोडाटा टाईप करण्याचं. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, मामाचं कुळ, शेती किती. आणि मध्येच कुठेतरी एक ओळ असते : रंग.

मागच्या नोव्हेंबरात एक शेतकरी दादा मुलीला घेऊन आले. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्या दिवशी सकाळी कापूस वेचून ती थेट वावरातून आली होती. ओढणीला कापसाचे तंतू चिकटलेले, बोटांवर बोंडाच्या वाळल्या टोकांचे ओरखडे. मी एकेक ओळ विचारत गेले. रंगापाशी आले तशी ती गप्प झाली. दादा म्हणाले, "गोरा टाका ताई. कोणी मोजून थोडीच पाहते."

मुलगी स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, पाहाले आल्यावर दिसनच ना त्यांले."

मी 'गोरा' टाईप केलं आणि पाच प्रती काढून दिल्या. पैसे देताना दादा सांगत होते की वेचणीच्या तोंडावर पाऊस झाला, कापूस पिवळा पडला आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला. "मशीन लावत नाही, काही नाही. मूठ भरून पाहते अन् भाव सांगते," असं ते तळमळून बोलत होते.

एकाच माणसाच्या एकाच दिवसात रंगावरून दोन निवाडे झाले. कापसाच्या बाबतीत कोणी मोजत नाही म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला होता. मुलीच्या बाबतीत कोणी मोजत नाही याचाच त्यांना आधार वाटत होता. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. जे समजलं ते इथे सांगते.

आधी कापूस, कारण तो आपल्याला कळतो. कापसाच्या रंगाला भाव का असतो? कारण तो रंग मागं घडलेलं सांगतो. उघडलेल्या बोंडावर पाऊस पडला की बुरशी धरते आणि सरकीचा कापूस मळकट होतो. गुलाबी बोंडअळी शिरली की डाग पडून कवडी, म्हणजे डागी, खराब कापूस होतो. रस शोषणाऱ्या किडीनं चिकटा सोडला की त्यावर काळी बुरशी चढते. अशा कापसाचा धागा बऱ्याचदा कमजोर निघतो, आणि पिवळसर रुईवर कापड रंगवताना रंग एकसारखा बसत नाही. म्हणजे गिरणीवाल्याला खरोखर नुकसान होतं. रंग इथे एक खूण आहे आणि त्या खुणेमागे कारण आहे.

ती खूण मोजायचं यंत्रही आहे. रुईच्या नमुन्यावर ठरावीक प्रकाश टाकतात आणि किती प्रकाश परत येतो ते पाहतात. परत येणाऱ्या प्रकाशाच्या आकड्याला 'आरडी' म्हणतात, आणि पिवळेपणाच्या आकड्याला 'प्लस बी'. आरडी जास्त म्हणजे कापूस उजळ, प्लस बी जास्त म्हणजे पिवळा. यंत्र येण्याआधी प्रतवारी करणारे लोक उत्तरेकडून उजेड येईल अशा खोलीत बसून कापूस बघायचे, कारण तो उजेड दिवसभर त्यातल्या त्यात एकसारखा राहतो. दुपारच्या उन्हात पांढरा दिसलेला कापूस संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली वेगळा दिसतो, हे ज्यानं बाजार समितीत रात्र काढली आहे त्याला सांगावं लागत नाही. बघणारा तोच, कापूस तोच, फक्त उजेड बदलला तरी निवाडा बदलतो.

म्हणून हमीभावाच्या खरेदीत नियम लिहून ठेवावे लागतात. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता. ओलावा ८ टक्के धरलेला, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, त्यावर घेत नाहीत. या नियमांवर शेतकऱ्यांचे आक्षेप आहेत आणि ते खरेही आहेत, पण निदान भांडायला एक आकडा हातात असतो. दादांची तक्रार नेमकी ही होती, की खासगी व्यापाऱ्याकडे तो आकडाच नव्हता.

आता माणसाची कातडी. दादांना वाटलं तसं नाही, तीही मोजता येते, आणि तत्त्व तेच आहे. अभ्यासक दंडाच्या आतल्या बाजूला, काखेच्या खाली, जिथं ऊन पोचत नाही तिथं यंत्र टेकवतात आणि किती प्रकाश परत आला ते नोंदवतात. तो माणसाचा जन्माचा रंग. चेहरा आणि हात हे उन्हानं बदललेले असतात, म्हणून तिथं मोजत नाहीत. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो. निंदणीपासून वेचणीपर्यंत दिवसच्या दिवस उन्हात राहणाऱ्या बाईचा हात आणि तिच्याच दंडाची आतली बाजू बघा, दोन वेगळी माणसं वाटतील.

हा आकडा काय सांगतो? एवढंच की कातडीत मेलॅनिन किती आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येनं असतात. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. मेलॅनिन ही शरीराची छत्री आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी रक्तातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व नासतं, आणि पोटात बाळ वाढताना त्याच्या मणक्यासाठी फोलेट लागतं. म्हणून जिथं ऊन कडक, तिथं पिढ्यान्‌पिढ्या गडद कातडीचे लोक टिकले. उलट उत्तरेकडच्या थंड, कमी उन्हाच्या देशांत कातडीतून थोडं ऊन आत शिरणं गरजेचं होतं, कारण त्यातून ड जीवनसत्त्व तयार होतं. तिथं रंग फिका होत गेला. सावळी कातडी म्हणजे बिघडलेली गोरी कातडी, असा जो एक समज आपल्याकडे मुरला आहे, त्याला शास्त्रात काहीच आधार नाही. आपल्या उन्हासाठी ही कातडी बनली आहे.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एका माशाची आहे. २००५ मध्ये शास्त्रज्ञांना पट्टेरी झेब्राफिश माशात एक जनुक सापडलं, ज्यात बदल झाला की माशाचे पट्टे फिके पडतात. तेच जनुक माणसातही आहे आणि माणसाच्या रंगाच्या फरकाचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. त्याचं नाव आकडे आणि अक्षरांचं आहे, ते लक्षात ठेवायची गरज नाही. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला अभ्यास आला. त्यात दिसलं की या जनुकाचा फिका प्रकार भारतात ठिकठिकाणी, कमीजास्त प्रमाणात पसरलेला आहे. रंगात भर घालणारी इतर जनुकंही बरीच आहेत. म्हणून एकाच आईच्या दोन मुली वेगवेगळ्या रंगाच्या निघतात, आणि मग "ही कुणावर गेली?" हा प्रश्न घरात फिरत राहतो, जणू कुणाची तरी चूक शोधायची आहे.

म्हणजे यंत्र दोन्हीकडे सारखंच. कापसावर टेकवलं तर ते पाऊस, अळी, धाग्याची ताकद याबद्दल काहीतरी कळवतं. माणसावर टेकवलं तर त्याच्या पूर्वजांवर किती ऊन पडलं तेवढंच कळवतं. स्वभाव, कष्टाची तयारी, हुशारी, संसार नीट होईल की नाही, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. आणि तरी भाव लावताना आपण कातडीला कापसासारखंच धरतो.

हे आपल्या बोलण्यातच रुजलेलं आहे. निर्दोष माणूस 'उजळ माथ्यानं' फिरतो, लबाडीचा पैसा 'काळा' असतो, चूक करणाऱ्यानं 'तोंड काळं केलं' असतं. मुलीबद्दल सांगायचं तर 'रंगानं जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस.' तो 'पण' मी इतक्यांदा ऐकला आहे की आता कानाला टोचतो. याच भाषेत जमिनीला काळी आई म्हणतात. शेत घेताना आपण काळी, भारी जमीन शोधतो आणि बरडाला कमी पैसे देतो. पंढरीचा विठोबा सावळा म्हणूनच गोड वाटतो. जमिनीचा आणि देवाचा काळा रंग चालतो, सुनेचा चालत नाही.

यात जातही येते, आणि ती बाजूला ठेवून बोलणं खोटं ठरेल. रंग बघून जातीचा अंदाज बांधायची सवय आपल्या गावांत अजून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच स्पष्ट मांडलं होतं की जातीची विभागणी ही वंशाची विभागणी नाही. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला दलित वंशानं एकच. रंगाचं ऊन-सावलीचं गणितही इथं मिसळतं. ज्याच्या घरात सावलीत बसायची सोय, त्याचा चेहरा फिका राहतो. जी दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावानं कापूस वेचते, तिचा चेहरा रापतो. मग रापलेल्या चेहऱ्याकडे बघून आपण 'खालचं घर' म्हणतो. म्हणजे आधी उन्हात राबवायचं आणि मग उन्हाची खूण दाखवून किंमत कमी करायची. व्यापाऱ्यानं कापूस आपणच भिजवून मग भाव पाडावा, तसं हे आहे.

क्रीमबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते धोक्याचं आहे. १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नं २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनं २०१४ मध्येच सांगितलं होतं की सावळ्या माणसाला दुःखी, लग्नात किंवा नोकरीत मागं पडलेला असा दाखवू नका. पण गावाच्या बाजारात खरी भीती वेगळ्याच ट्यूबांची आहे. काहींत स्टेरॉईड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ उठतं, बायकांना चेहऱ्यावर केस येतात आणि ऊन सहन होत नाही. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉईड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. काही बिननावाच्या क्रीममध्ये पारा असतो. २०२३ मध्ये अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची किडनी क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली. क्रीम तपासलं तर त्यात पारा निघाला. अकोला आपल्याला लांब नाही. सौंदर्यप्रसाधनात नकळत राहून गेलेला पारा दहा लाखांत एक भाग, त्याहून जास्त चालत नाही, असा नियम आहे. ज्या डबीवर कंपनीचं नाव, पत्ता आणि घटक छापलेले नाहीत ती तोंडाला लावू नका, आणि स्टेरॉईड चालू असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरला दाखवा.

आता कायदा. इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. मीही गोंधळले होते.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये लिहिलं आहे की राज्य कोणाही नागरिकाशी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव करणार नाही. या यादीत 'रंग' हा शब्द नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात तो आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात तो आहे. वंशभेद मिटवण्यासाठीच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात तो आहे, आणि भारतानं तो करार १९६८ मध्ये मान्य केला. आपल्या यादीत नसला म्हणून सरकारला रंगावरून भेद करायची मोकळीक मिळत नाही. अनुच्छेद १४ सगळ्यांना कायद्यापुढं समान ठेवतोच. पण हे अनुच्छेद मुख्यतः सरकारला बांधतात. बायोडाट्यात 'गोरी पाहिजे' लिहिणाऱ्याला ते अडवत नाहीत.

मग लग्नानंतर नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी रंगावरून बोलून बोलून जीव नकोसा केला तर? इथं कोर्टाचे निकाल वाचले की वाटतं, हे एकमेकांच्या उलट कसे? २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं म्हटलं की काळ्या रंगावरून सुनेचा छळ हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मधली क्रूरता आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सातारा जिल्ह्यातल्या एका २७ वर्षं जुन्या प्रकरणात उलटा निकाल दिला. तिथल्या बाईनं जीव दिला होता. नवरा रंगावरून हिणवत होता आणि दुसरं लग्न करीन म्हणत होता. न्यायालयानं त्याला सोडलं. हे बोलणं घरगुती भांडणाच्या पातळीचं आहे, तिला मरणाकडे ढकलण्याइतकं मोठं नाही, असं म्हटलं. त्याच्या दीड वर्ष आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, छत्तीसगड उच्च न्यायालयानं रंगावरून बायकोला हाकलणाऱ्या नवऱ्याला घटस्फोट नाकारला होता. आणि त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयानं एका नवऱ्याला घटस्फोट दिला, कारण बायको त्याला काळा म्हणून अपमान करत होती.

यांतले काही निकाल फौजदारी आहेत, काही दिवाणी, आणि दोन्हीकडे 'क्रूरता' या शब्दाचा अर्थ एक नाही. हे कळलं की बराच गुंता सुटतो.

फौजदारी बाजूला कलम ४९८-अ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ आली. इथं क्रूरता म्हणजे असं जाणूनबुजून वागणं, ज्यामुळं बाई जीव द्यायला प्रवृत्त होईल किंवा तिच्या शरीराला, मनाला गंभीर इजा होईल. किंवा मालमत्तेच्या मागणीसाठी केलेला छळ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कुणाला तुरुंगात टाकायचं असल्यानं पुरावा रास्त शंकेला जागा ठेवणारा चालत नाही. टोमणा झाला एवढं सिद्ध होऊन भागत नाही; तो किती गंभीर होता, किती सतत होता, हेही सिद्ध व्हावं लागतं. घटस्फोटाच्या खटल्यात, हिंदू विवाह कायद्याखाली, प्रश्न वेगळा असतो : या माणसासोबत राहणं या जोडीदाराला शक्य आहे का? तिथं पुराव्याचं माप कमी कडक, कोणती बाजू जास्त शक्य वाटते एवढं बघतात. म्हणून तोच टोमणा एका कोर्टात पुरतो आणि दुसऱ्यात कमी पडतो.

हे समजलं तरी साताऱ्याचा निकाल माझ्या मनातून जात नाही. 'घरगुती भांडण' हा शब्द फार सोपा आहे. रोज सकाळी चहा ठेवताना तोच एक टोमणा, नातेवाईक आले की त्यांच्यासमोर तोच, मूल झालं की "आईवर नको जाऊ दे रे देवा" म्हणून पुन्हा तोच; याचं वजन एकेका वाक्याच्या काट्यावर कसं करणार? कापसाच्या गाठीचं वजन करताना कोणी एकेक बोंड तोलत नाही. माझं मत आहे की बऱ्याच खटल्यांत बाईच्या बाजूनं हेच मांडायचं राहून जातं : किती दिवस, किती वेळा, कुणासमोर.

आणि इथंच एक तिसरा रस्ता आहे, जो आमच्या भागात फार थोड्या बायकांना माहीत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्याच दिली आहे : अपमान, टिंगल, हिणवणं, नावं ठेवणं. इथं बाईला मरणाच्या दारापर्यंत जावं लागत नाही आणि नवऱ्याला लगेच तुरुंगात टाकणं हा हेतूही नसतो. न्यायदंडाधिकारी त्याला असं वागू नको म्हणून संरक्षण आदेश देऊ शकतात, बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्च, नुकसानभरपाई देऊ शकतात. तो आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. अर्ज महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे धरून चला.

वकिलाच्या पैशाची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. फोन लावायचा तर १५१००, आणि महिलांसाठीची मदतवाहिनी १८१. एक वही ठेवा. तारीख, काय बोलले, कुणासमोर बोलले. मोबाईलवरचे मेसेज पुसू नका. दादांना व्यापाऱ्याशी भांडायला जो आकडा हवा होता, तोच हा आहे, फक्त दुसऱ्या कामासाठी.

त्या नोव्हेंबरानंतर मी माझ्या संगणकातल्या बायोडाट्याच्या नमुन्यातून रंगाची ओळ काढून टाकली. जन्मतारीख, उंची, रक्तगट, शिक्षण राहू दिलं. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. अधूनमधून कुणी प्रिंट हातात घेऊन म्हणतं, "ताई, रंग राहिला." मी विचारते, "मुलीला विचारलं का?" कधी ते मागं वळून मुलीकडे बघतात, कधी बघत नाहीत, आणि ओळ पुन्हा टाकावी लागते. मागच्या आठवड्यात एका मुलीनं स्वतःच टाकायला सांगितली. मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनं एका बोटानं, हळूहळू, 'सावळा' टाईप केलं आणि तीन प्रती मागितल्या.